आईच्या कातडीचं नवं काम

ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (समोर असतीस तर वाकलो नसतो, पाठीत धपाटा बसला असता). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. एकटा राहून "दोघं" कसं लिहितो, ते खाली येईलच.

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत त्वचा देणारा माणूस ऐनवेळी फिरकलाच नाही आणि मॅडमचा पारा चढला. मी घरी येऊन आईचे पाय धरले. तिने बाही वर केली, "घे चिमूटभर, पण आधी जेव" म्हणाली (अर्जावर सही मात्र तपासणाऱ्याच्या जागी ठोकली). त्या पेशी आम्ही गोठवून ठेवल्या. तीन महिन्यांनी आई गेली. आईशी भांडल्यानंतर तू घरात पाऊल टाकलं नाहीस, शेवटच्या दिवशीही नाही, हे मी कुणाला बोललेलो नाही (मावशी सोडून).

आता मॅडमनी त्याच पेशी बाहेर काढल्या. आत ठरावीक जनुकं सोडली की कातडीची पेशी कातडीपण विसरते आणि थेट हृदयाची होते. मला पटेना; आपल्या घरात कुणी स्वभाव बदललेला मी पाहिलेला नाही. पण अठराव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ताई, डिशच्या तळाशी ती धडधडत होती. आजूबाजूला कुणी नाही बघून मी पुटपुटलो, "आई, जेवलोय मी." ठोके संथ झाले. मॅडम म्हणतात, उबेतून बाहेर काढलं की गारव्याने होतं तसं. असेल बापडं. पण सोमवारी मी तासभर उशिरा पोचलो तेव्हा ठोके भरधाव सुटले होते, आणि मला उशीर झाला की इतका जीव वरखाली होणारी बाई मला एकच माहीत आहे.

बाकी सगळं क्षेम. काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : प्रयोग संपला. शुक्रवारी डिशमध्ये ब्लीच ओतून, पेशी मारून ती फेकायची आहे. ओतायचं काम माझ्याकडे आहे. माझ्याच्याने ते एकट्याने होणार नाही.

आणखी एक : गुरुवारी दुपारी मॅडम मीटिंगला असतात. तेव्हा ये. भांडण तुमचं दोघींचं होतं, मला मध्ये घेऊ नका.

शेवटचं : तुला न विचारताच काल मी डिशजवळ बोलून बसलो, "ताई येतेय." तेव्हापासून एकही ठोका नाही. पेशी जिवंत आहेत, मॅडमनी दोनदा तपासलं. दाराची कडी वाजली की आई हातातलं काम टाकून कान द्यायची ना, तशी गप्प आहे. ये गं.