तीन हात डावीकडे

एल्म क्रॉसिंग, विस्कॉन्सिन
ऑगस्टचा शेवटचा मंगळवार

ती. आर्लेनदादांस,

धाकट्या डेलबर्टचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण कंबर गेल्या हिवाळ्यापासून माझं ऐकत नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा. जूनवहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं चर्चमध्ये कळलं, बरं वाटलं. इकडे मार्लिसची तब्येत उत्तम आहे, म्हणजे मला बोलण्याइतकी उत्तम आहे. एकतीस वर्षं ज्याने तोंड उघडलं नाही त्याचं आज पत्र कसं, असं तुम्हांला वाटेल. (पोस्टातल्या बाईने तिकीट देताना सहज विचारलं, कुणाला पाठवताय? मी सांगितलं, चार मैलांवर राहणाऱ्या भावाला. तिने चष्मा काढून पुसला.) तेव्हा आधीच स्पष्ट करतो, त्या हरणाचा विषय मी काढणार नाही आणि तुम्हीही काढू नये. त्या हरणापायी तुम्ही रविवारी साडेआठच्या प्रार्थनेला जाता आणि आम्ही साडेदहाच्या, आणि पाद्रीसाहेबांना तोच उपदेश दोनदा करावा लागतो, हे सगळं जगजाहीर आहे. हे पत्र केवळ धनुष्याविषयी आहे.

बाबांचा ताटलीचा नियम आमच्याकडे अजून जसाच्या तसा चालतो. शिकारीचा हंगाम उघडण्याआधीच्या रविवारी गवताच्या गठ्ठ्यावर कागदी ताटली टाचायची, वीस पावलांवरून पाच बाण मारायचे. चार ताटलीत लागले तर माणूस झाडावरच्या मचाणावर चढतो, नाहीतर त्या हंगामात घरी बसून बाकीच्यांसाठी बटाटे सोलतो. रानात हरीण जखमी होऊन तडफडण्यापेक्षा माणूस चुलीपाशी तडफडलेला बरा, असं बाबा म्हणायचे. तर गेल्या वर्षी माझे दोन लागले. एक गठ्ठ्यात गेला, एक कोठाराच्या दारात, आणि पाचवा अजून सापडलेला नाही. अडुसष्टाव्या वर्षी, घरातला कर्ता माणूस, मी अख्खा हंगाम बटाटे सोलले. जावई रॉजर रोज संध्याकाळी रानातून येऊन परातीत डोकावायचा आणि म्हणायचा, "मामंजी, साल जरा पातळ काढा की, बटाटा उरत नाही." (मुलगी देताना मी याची नीट चौकशी केली नव्हती, हे आता लक्षात येतं.) शेवटी मार्लिस म्हणाली, "एकतर धनुष्य बदला, नाहीतर मला नवरा बदलू द्या." पहिला मार्ग कमी त्रासाचा वाटला.

गावाबाहेर नाक्यावर टॅमी वोयचिक नावाच्या बाईचं धनुष्यांचं दुकान आहे. बाई पन्नाशीची, नेमबाजीत राज्यात पहिली आलेली, दंड माझ्या मांडीएवढे. तिने विचारलं, धनुष्य कशासाठी हवं? मी म्हटलं, शिकारीसाठी, आणि गुरुवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेमबाजीच्या स्पर्धा असतात त्यासाठीही. त्यावर ती म्हणाली, "काका, शिकारीचं धनुष्य आखूड आणि हलकं लागतं, मचाणावर फांद्यांत अडकायला नको. स्पर्धेचं लांब आणि जड लागतं, हात डुलायला नको. एकातच दोन्ही हवं असेल तर दोन्ही बाजूंनी थोडंथोडं नाराज राहायची तयारी ठेवा." माझ्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली आहेत, मला हे नवीन नव्हतं. मधल्या लांबीचं घ्यायचं ठरलं. मग तिने विचारलं, ओढ किती पौंडांची? इथे माझा स्वभाव आडवा आला. मी म्हटलं, सत्तर. तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पन्नास पुरे होतात हो, हरणाला काय कळतंय?" पण दुकानात कोपऱ्यात दोन तरुण कॉफी पीत उभे होते, आणि मी सत्तरवर ठाम राहिलो.

या चाकांच्या धनुष्याचा गुण तुम्हांला ठाऊकच आहे. ओढताना अर्ध्या वाटेत जीव जातो, पण तेवढं पार केलं की चाकं फिरतात, भार उतरतो, आणि मग पोरासोरालाही धरून उभं राहता येतं. माझ्या बाबतीत ती अर्धी वाट संपेचना. मी धनुष्य आढ्याकडे केलं, मग जमिनीकडे केलं, एक पाय पुढे टाकला, मग दुसरा, आणि असं करत करत (हे मला नंतर सांगण्यात आलं) मी दुकानभर मागे मागे चालत गेलो. मागे फळी होती. फळीवर हरिणीच्या मुताच्या बाटल्या मांडलेल्या होत्या, माजावरच्या हरिणीच्या, नर जवळ यावा म्हणून रानात शिंपडतात त्या. पंधरा बाटल्या फुटल्या. बहुतेक माझ्या अंगावर. टॅमीबाईंनी शांतपणे सगळी दारं उघडली आणि मला अंगणात बसवलं. मार्लिसने मला घरात घेतलं नाही. वास जावा म्हणून टोमॅटोच्या रसाने अंघोळ घातली, मागच्या ओसरीवर जेवायला वाढलं, आणि रविवारी चर्चमध्ये आमच्या पुढची दोन बाकं आणि मागची तीन रिकामी राहिली. त्या आठवड्यात कुंपणापाशी एक नर हरीण दोनदा येऊन माझ्याकडे आशेने पाहून गेलं. हंगाम उघडला नव्हता, नाहीतर तिथेच काम झालं असतं.

वास गेल्यावर पुन्हा दुकानात गेलो. बाईने सरळ पन्नास पौंडांचं हातात दिलं आणि मीही सरळ घेतलं. लोण्यासारखं ओढलं गेलं. ती म्हणाली, आता एक शेवटचं, तुमचा डोळा बघते. मी म्हटलं, डोळे दोन्ही ठणठणीत आहेत. ती म्हणाली, ठणठणीत असतील, पण त्यांत मालक कोणता ते बघायचंय. समोरच्या भिंतीवर पेंढा भरलेलं अस्वल आहे. दोन्ही तळवे जुळवून मध्ये लहानसं भोक ठेवायचं, त्यातून दोन्ही डोळ्यांनी अस्वलाचं नाक बघायचं, आणि नाक न हरवता हात हळूहळू तोंडाशी आणायचे. आणले. हात डाव्या डोळ्यावर आले. तिने पुन्हा करायला लावलं, पुन्हा डाव्यावर. तिसऱ्यांदा मी मुद्दाम उजवीकडे न्यायला गेलो तर अस्वलच दिसेनासं झालं. ती म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर चुकीच्या हाताने बाण मारताय. तुमचा नेमाचा डोळा डावा आहे." आपल्या घरात डावरे फक्त तुम्ही. तुमचा डावा हात आईने जेवताना रुमालाने बांधून ठेवायची आणि मी समोर बसून हसायचो, ते मला तिथे त्या अस्वलासमोर आठवलं. मी बाईला म्हटलं, विचार करून सांगतो, आणि घरी आलो.

बाकी सर्व क्षेम. मका यंदा बरा आहे. वहिनींना नमस्कार सांगावा. कामाचं असं विशेष काही नव्हतं.

आपला,
डेलबर्ट

ता.क. एक लहानसं काम होतं. डाव्या हाताचं पन्नास पौंडांचं धनुष्य टॅमीबाईंकडे नाही, मागवलं तर सहा आठवडे लागतील, आणि ताटलीचा रविवार दोन आठवड्यांवर आला आहे. साऱ्या परिसरात तसं एकच आहे आणि ते तुमच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेलं आहे. (रॉजरने पाहिलं. त्याला मी पाठवलं नव्हतं, त्याचा ट्रक आपोआप त्या बाजूला वळला.) हाताची लांबी मापायला नको. आपले कोट आई एकाच मापाने बेतायची.

ता.क. २. टॅमीबाईंनी आणखी एक विचारलं होतं, ते वर लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. त्यांनी विचारलं, दिवस मावळताना दोरीतल्या नेम धरायच्या बारीक कडीतून अंधारच दिसतो, तेव्हा तुम्ही काय करता? मी म्हटलं, एरवी मिटलेला डावा डोळाही उघडतो. त्या म्हणाल्या, मग तो मालक डोळा नेम आपल्या हातात घेत असणार, बाण जातो कुठे?  दादा, त्या वर्षी तो दहा टोकांच्या शिंगांचा नर वीस पावलांवर उभा होता, दिवस मावळत होता, मी दोन्ही डोळे उघडले, आणि बाण तीन हात डावीकडे बर्चच्या बुंध्यात जाऊन बसला. हरणाने बर्चकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चालत निघून गेलं. त्यानंतर चर्चच्या जेवणावळीत, सगळ्यांसमोर, मी म्हणालो की दादाने ट्रकमध्ये माझ्या धनुष्यावरची नेम धरायची पिन हलवली, त्याला माझं हरीण बघवलं नसतं. तू काटा खाली ठेवलास, वहिनीला हाक मारलीस आणि उठून गेलास. तू पिनेला हात लावला नव्हतास. मी खोटं बोललो नव्हतो, मला तसंच वाटत होतं, पण एकतीस वर्षं मी एकदाही तपासून पाहिलं नाही. माझं चुकलं. मला त्याची लाज वाटते.

ता.क. ३. मार्लिस म्हणते, "चूक झाली" असं पहिल्या ओळीत लिहा. पाकीट लहान आहे, पुन्हा सगळं लिहून काढणं होणार नाही. वरचा ता.क. २ पहिल्या ओळीत आहे असं समजून वाच.

ता.क. ४. धनुष्य पोस्टाने पाठवू नकोस, चाकं बिघडतात. स्वतः घेऊन ये. ताटलीतले बाण भावाने भावाचे मोजायचे असं बाबांच्या वेळी होतं. हल्ली रॉजर मोजतो आणि मोजताना हसतो. आणि येताना करवत आण. तो बाण अजून बर्चमध्येच आहे, सालीने पिसांपर्यंत गिळलाय. मी कुणाला काढू दिला नाही. तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून ठेवला होता.