सपाट पडद्यावरचं बेट

बाबा, बेटावरच्या माणसाचा तो चित्रपट मी काल रियाधमध्ये पाहिला. तोच, जुना रशियन थ्री-डी, चष्मा लावून बघायचा. नाशिकला आला होता तेव्हा तुम्ही दादाला घेऊन गेलात. मी फ्रॉक बदलून दारात उभी होते. तुम्ही आईला म्हणालात, "हिचा एक डोळा अधू. हिला सगळं सपाटच दिसणार, कशाला न्यायचं?" खरं तर ती गोष्ट माझी होती. जहाज फुटलेल्या त्या माणसाची कादंबरी तुम्ही स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता मला सांगायचात, दादा तेव्हा बाहेर क्रिकेट खेळत असायचा. परत आल्यावर दादा पडद्यातली वेल कशी अंगावर येते ते हात नाचवून सांगतो आहे, आणि मी ताटातला भात चिवडते आहे.

पुढे तो डोळा तुम्ही प्रत्येक गोष्टीच्या आड आणलात. स्कूटर नको, इंजिनिअरिंग नको, परदेश तर नकोच. मी सगळं केलं. इथे रिफायनरीच्या पाइपांची ड्रॉइंग माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझ्या नोकरीवर आहे. बायकांना लायसन्स मिळायला लागलं तेव्हा डोळे तपासून घेऊन मी तेही काढलं. काल मीच गाडी चालवत लेकीला थिएटरात नेलं.

वेल पडद्यावरून पुढे आली तशी सगळी रांग मागे सरली. लेकीने माझा दंड धरला. मी ताठ बसून होते. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मम्मा, आपको थ्री-डी दिखता ही नहीं, तो आप आई क्यों?"

मी मराठीतच म्हणाले, "एकटा माणूस घर बांधतो, शेळ्या पाळतो, कुणाच्या परवानगीला थांबत नाही. ते बघायला एक डोळा पुरतो."

तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही हेच ऐकवलं असतं, आवाज न चढवता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि तुमची समजूत काढण्यासाठी मी ते लिहीतही नाही. तुमचं चुकलं होतं, एवढंच.

फक्त एक. घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी लेकीला विचारलं, ती वेल नेमकी किती जवळ आली होती. तिने हात लांब करून बोटं अलगद माझ्या गालाशी आणली. तेवढं मात्र मला बघायचं होतं, बाबा.