खिशात मावेल असं काहीतरी

लोमा क्रीक, टेक्सास
१२ फेब्रुवारी

ती. हॉलिसदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं वाचलं. डॉक्टरने बसून राहा म्हटलेलं असताना कुंपण घालायला तूच गेलास, तेव्हा आता कण्हायचं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू ड्रॉवरात जपून ठेवतोस, म्हणून सगळं लिहून काढायला बसलेय. हसणार नाहीस असं कबूल कर आणि मगच पुढे वाच.

मला बंदूक घ्यायचीय. रविवारच्या ड्रेसच्या खिशात मावेल आणि बाहेरून कुणाला दिसणार नाही, अशी लहानशी. आमच्या चर्चमध्ये पहारा देणारी मंडळी आहेत ना, रॉइस टॅकेटच्या हाताखालची, त्यांच्यात मी नाव दिलंय. पुरुष पुढच्या दाराशी आणि गाड्यांपाशी उभे असतात. प्रार्थना चालू असताना लहान मुलं मागच्या खोलीत खेळतात, तिथल्या दाराशी मी उभी राहणार.

पण घ्यायची कुठली? माझ्या डोक्याचा अगदी भुगा झालाय. दुकानात गेले तर त्या माणसाने काही न विचारता एक चिमुकलं जांभळं रिव्हॉल्व्हर पुढ्यात ठेवलं, जशी काही मी लिपस्टिकच घ्यायला गेले होते. म्हणाला, सगळ्या बायका हेच नेतात. रॉइस म्हणतो रिव्हॉल्व्हर आजोबांच्या काळातलं, चपटं पिस्तूल घे, गोळ्या जास्त बसतात. त्याचा मेहुणा म्हणतो रॉइसला काही कळत नाही. पास्टरची बायको म्हणते पर्समध्ये ठेव की सरळ. अगं बाई, माझ्या पर्समध्ये पेपरमिंट असतात हे त्या खोलीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे! गेल्या रविवारी चर्चच्या जेवणाला एकेकाने खुर्चीआड बोलावून आपापलं दाखवलं. माझ्या हातात बटाट्याचं सॅलड, आणि समोर चर्चचे कारभारी डीकन लोक चोरून खिसे उघडतायत. कुणाचं म्हणून ऐकू?

आता मुख्य गोष्ट. हे सगळं आपल्या डस्टिनमुळे आहे. शॉनाने नवऱ्यावर जवळ न फिरकण्याची कोर्टाची मनाई आणलीय आणि तिने ते योग्यच केलं, तिचा जबडा अजून नीट मिटत नाही. हे माझ्या पोटच्या पोराने केलं. त्याने तिला निरोप धाडलाय की एका रविवारी येईन आणि सगळ्यांदेखत पोरीला घेऊन जाईन, आणि कुणी आडवं आलंच तर ती मग कुणालाच मिळणार नाही. ऍनाबेथ चार वर्षांची आहे. दर रविवारी ती त्याच मागच्या खोलीत असते.

तेव्हा उगाच थट्टा न करता नीट सांग, कुठली घेऊ. गुडघ्याला शेक देत जा. आजवर माया केलीस तशीच ठेव.

तुझी
वर्लीन


आर्कान्सॉ, डोंगरावरून
२० फेब्रुवारी

चि. वर्लीनला,
अ. उ. आ.

कबूल केलं होतं तरी आधी हसलोच. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सोडायला रानापर्यंत चालत जाणारी बाई तू, आणि तुला बंदूक हवीय! मग शेवटचा भाग वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

आधी बंदुकीचं. त्या जांभळ्या खेळण्याकडे फिरकू नकोस. बाई दिसली की सगळ्यात लहान आणि हलकं काढून द्यायचं, ही दुकानदारांची जुनी खोड आहे. हलकं ते खिशाला बरं असतं, पण हातात असं काही उसळतं की एकदा झाडल्यावर दुसऱ्यांदा हात लावावासा वाटत नाही, मग सराव कसला करणार? जरा वजनाचं घे. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, घोडा आत झाकलेला असलेलं, म्हणजे बाहेर काढताना कापडात अडकत नाही. रॉइसची पिस्तुलं रॉइसला लखलाभ. त्यांची वरची पट्टी मागे खेचायला तुझ्या सुजलेल्या बोटांना जमायचं नाही. नेमबाजीच्या मैदानावर भाड्याने मिळतात, ती चालवून बघ आणि मगच पैसे टाक. चाप पूर्ण झाकेल अशी चामड्याची खोळ घे आणि खोळीसकटच खिशात ठेव. त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नको. किल्ल्या नकोत, रुमाल नको, आणि पेपरमिंट तर मुळीच नको. तुला ओळखून आहे मी.

आता डस्टिनचं. माझ्याकडे सुट्टीत यायचा तेव्हा हरिण समोर असूनही झाडायचा नाही, थंडी वाजते म्हणून रडायचा. त्या पोराचं हे असं कसं झालं, ते मला कळत नाही, आणि तुला कळत असेल असंही वाटत नाही. पण वर्लीन, एक मला सांग. त्या दाराशी रॉइसने तुला उभं केलं की तू आपणहून गेलीस? गेली असशील तर का गेलीस?

गुडघा तसाच आहे. थोरल्या भावाचं बोलणं लागलं तर पोटात घाल.

तुझा
हॉलिस


लोमा क्रीक
६ मार्च

ती. हॉलिसदादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच घेतलं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, केलं तर केलं. आधी भाड्याने ते जांभळंही चालवून पाहिलं आणि मनगट दोन दिवस ठणकत होतं. तुझं ऐकलं नसतं तर तेच घेऊन आले असते, कारण दिसायला खरंच गोंडस होतं हो!

मग खिशाचा घोळ. निळ्या ड्रेसला शिवलेला खिसा म्हणजे नुसता देखावा, त्यात चार बोटं जेमतेम शिरतात. हिरव्याला खोल आहे, पण कापड इतकं पातळ की रिव्हॉल्व्हर ठेवलं की एका बाजूने गुडघ्यापर्यंत लोंबतं. शेवटी गोधड्या शिवणाऱ्या आमच्या बायकांनी मनावर घेतलं आणि प्रत्येक ड्रेसला जाड तंबूच्या कापडाचा खिसा लावून दिला. कुणी आकार विचारला नाही. इथे निम्म्या जणींच्या ड्रेसला तसेच खिसे आहेत, हे मला इतक्या वर्षांत आत्ता समजलं. मी आपली वेंधळी, मला वाटायचं हात गार पडतात म्हणून खिशात घालून उभ्या राहतात.

मैदानावर कागदाच्या माणसावर झाडते. छातीत लागतात. शिकवणारी बाई शाबास म्हणते, आणि मला शाबासकी घ्यावी की घरी निघून यावं ते समजत नाही. घरी आले की डस्टिनच्या खोलीत जाते, त्याची गादी झटकते, परत येते. कशासाठी झटकते, देव जाणे.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. मी आपणहून गेले. रॉइस नको म्हणत होता. हट्ट मी धरला. कारण त्या दाराशी रॉइस असेल, किंवा त्याचा मेहुणा असेल, तर डस्टिन दिसल्याबरोबर ते झाडतील. त्यांचा तो कुणी नाही. मी असले तर तो थांबेल, माझ्याशी बोलेल, मी त्याला घरी नेईन. मी तिथे असेपर्यंत त्याला दुसरं कुणी मारणार नाही, म्हणून गेले. हे रॉइसला सांगितलेलं नाही. शॉनालाही नाही. ती तर माझे हात धरून रडली, म्हणाली, वर्लीनआई, आता मला झोप लागेल.

यात मी काही वाईट करतेय का रे? खरंच कळत नाहीये मला. लिही लवकर, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
वर्लीन


आर्कान्सॉ
१३ मार्च

चि. वर्लीनला,
अ. उ. आ.

होय, वाईट करतेयस. रागाने लिहीत नाही, पण गोड बोलून तुला फसवणारही नाही.

शॉना समजते की तू तिच्या पोरीसाठी उभी आहेस. तू उभी आहेस आपल्या पोरासाठी. तू आई आहेस, मला ते समजतं. पण मग त्या खिशातली वस्तू कशासाठी? ती कुणाला दाखवायला नसते आणि कुणाला धाक घालायलाही नसते, म्हणून तर लपवून ठेवतात. बाहेर काढली की चालवायचीच. ज्याला चालवायची नाही त्याने तिथे उभं राहू नये, कारण सगळे निर्धास्त होतात की दाराशी कुणीतरी आहे, आणि दाराशी कुणीच नसतं.

तेव्हा पुढच्या रविवारच्या आत ठरव. डस्टिन आला, थांबला नाही आणि पोरीकडे निघाला, तर तू झाडशील का? 'नाही' असेल तर आजच रॉइसकडे जा आणि जागा त्याला दे. त्यात कमीपणा नाही, कुठलीही आई तेच करेल. 'हो' असेल तर काय लिहावं ते मलाही सुचत नाही. 'बघू तेव्हा' हे उत्तर मात्र चालणार नाही, बाई.

मी गाडी चालवू शकत असतो तर हे पत्र लिहीत बसलो नसतो. स्वतःला सांभाळ. कडक लिहिलं, तरी माणूस तुझाच आहे.

तुझा
हॉलिस


लोमा क्रीक
४ एप्रिल

ती. हॉलिसदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघाले. रॉइसच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आत गेलेच नाही. पुढचे सगळे रविवार तशीच उभी राहिले, तू ज्याला नको म्हणालास ते 'बघू तेव्हा' मनात धरून.

परवाच्या रविवारी तो आला. पुढच्या दाराने नाही. चर्चच्या स्वयंपाकघराचं मागचं दार जेवणाची भांडी आणणाऱ्यांसाठी उघडं ठेवतात. लहानपणापासून माझ्या हातातले डबे घेऊन तो त्याच दाराने आत यायचा. पहाऱ्यावरच्या एकाही पुरुषाला ते दार सुचलं नाही, आणि मला सुचलं असतं तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे. इस्त्रीचा शर्ट होता, दाढी केलेली होती. बारीक झालाय. उजवा हात जाकिटाच्या खिशात होता.

खोलीत मुलं गाणं म्हणत होती. दाराच्या काचेतून ऍनाबेथ दिसत होती. मी त्याला म्हटलं, घरी चल, मी येते तुझ्याबरोबर, जेवू आपण. तो म्हणाला बाजूला हो. मी परत तेच म्हटलं. तो एक पाऊल पुढे आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा हात कधीचाच खिशात गेलाय आणि मुठीत ती धरलेली आहे. मी ठरवून घातला नव्हता, दादा. मैदानावर शिकवलं तसा तो आपला आपणच गेला होता.

त्याने माझ्या खिशाकडे पाहिलं. त्याला बरोबर कळलं. मग त्याने विचारलं, "आई, ते माझ्यासाठी आहे?"

मी म्हटलं, "हो."

नाही म्हणता आलं असतं. तो आई म्हणाला होता रे, लहानपणी म्हणायचा त्याच आवाजात. पण मी हो म्हटलं, आणि ते खरं होतं. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर मी झाडली असती. एवढे आठवडे मला वाटत होतं, माझ्याच्याने होणार नाही, हीच माझी अडचण आहे. तसं नव्हतं. होणार होतं.

तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. मी जवळ गेले नाही. हात खिशातून काढला नाही. रॉइस आला, मग शेरीफची माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुलांचं गाणं चालूच होतं.

त्याच्या खिशात काय निघालं ते सांगायला रॉइस संध्याकाळी घरी आला होता. मी ऐकून घेतलं नाही. कोर्टात कळेलच. पण त्या खिशात काय होतं यावर माझं 'हो' बरोबर की चूक हे ठरणार असेल, तर आज तरी मला ते नको आहे. चर्चमधली माणसं घरी केक आणून देतायत, शूर म्हणतायत. शॉनाने ऍनाबेथला आणून माझ्या मांडीवर बसवलं. ती माझे केस ओढत खिदळत होती, आणि मला वाटत होतं, हिला उचलून परत द्यावं, कारण हिच्या बापाला मी काय म्हणाले ते हिला कुणी सांगितलेलं नाही.

तुला 'हो' असेल तर काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता सुचेल ते लिही. एरवी आपण पत्राच्या शेवटी लोभ वाढावा म्हणतो. या खेपेला तो उरला आहे की नाही, एवढंच कळव.

तुझी
वर्लीन