बारीक पानाचं झाड

प्रभादेवी, मुंबई
ता. १८ एप्रिल १९६०

चि. जयवंत यास बाबांचा आशीर्वाद.

सांतोसहून आलेलं तुझं पत्र मिळालं. घरी सगळं ठीक आहे. आईही बरी आहे. एवढी तिकिटं लावूनही हे पाकीट ब्राझीलला पोचेल ना, याचीच काळजी. खोडालाच द्राक्षांसारखी फळं धरणाऱ्या त्या जाबुतिकाबाचं कुठलं रोप पाठवू ते लगेच कळवा, आपल्या खलाशी गंगाधरची बोट इकडे यायला निघेल, असं तू लिहिलंस.

आधी एक सांगायचं राहिलंय. मागच्या वेळी गंगाधरने आणून दिलेलं बारीक पानाचं रोप मेलं. आपल्या चाळीमागे पूर्वी चुन्याची घाणी होती ना, तिथली माती अजून पांढरी आहे. लिंबू पिळलं तर फसफसते. तिच्यातच लावलं. वर दिवाळीला वाडीतल्या सगळ्या झाडांना चुना-गेरू लावला तसा त्यालाही लावला, नवं झाड उघडं दिसू नये म्हणून. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. शेजारचा दत्ताराम म्हणाला, "काय हो भिवादादा, ज्याच्या बुंध्याला फळं धरतात त्यालाच चुना फासलात?" सगळी चाळ हसली. तुझी आई हसली नाही. ती वाळलेली काडी तिने बरेच दिवस मला उपटू दिली नाही.

तू लिहिलेल्या तीन जाती मी पुन्हा पुन्हा वाचल्या. बारीक पानाचं सगळ्यांत गोड, पण त्याला आंबट माती लागते आणि फळायला दहा-बारा वर्षं. मोठ्या पानाचं दणकट, पण सालीला जाड आणि तेही सावकाशच. तांबड्या फळाचं चुनखडीत त्यातल्या त्यात तग धरतं आणि तीन-चार वर्षांत फळतं. मी तांबडं ठरवलं. आईला म्हटलं, "लवकर फळ दिसेल."

ती म्हणाली, "तुमका कसली घाई लागली हा?"

जयवंता, घाई आहे. वर बरी आहे लिहिलं ते खरं नाही. तिच्या पोटात गाठ आहे. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळी दिसली तर देवाची कृपा. मी तिला बोललो नाही, पण तिला कळलंय. तांबडं झाडसुद्धा वेळेत फळणार नाही, एवढी साधी गोष्ट माझं मन मानत नव्हतं.

परवा तीच म्हणाली, "तांबडां नको. बारीक पानाचांच मागवा."

मी चिडलो. "अगं, ते इथे मरतं! आणि दहा वर्षं कोण बसलंय?"

"माका खाऊचां आसा काय? बकुळेक आवडतां तां. झाडार चढान खाता म्हणान तुमीच वाचलात ना?"

बकुळा कोण, मला कळेना. मग उमगलं. तुझ्या मुलीचं तिकडचं नाव तिच्या तोंडात बसत नाही. तू तिकडे लग्न केलंस तेव्हापासून जिने तुझं नाव घेतलं नाही, मी तुझी पत्रं वाचताना जी पाठ फिरवून तांदूळ निवडायची, तिने नातीला कधीच नाव ठेवलं होतं.

तिने भाच्याला, गणपतला, निरोप धाडून गावची तांबडी माती आणवली. ती आंबट असते म्हणे, चुना नाही तिच्यात. गॅलरीत जुनं पिंप ठेवून त्यात भरली. चाळमालकाचा माणूस ओरडत आला. ही उठून बसली आणि म्हणाली, "एक तारखेक आमचां राज्य येतलां, मगे बोल!" तो हसत गेला. मला मात्र भीती, पिंपाच्या वजनाने गॅलरी खचली तर?

तेव्हा बारीक पानाचंच ठरलं. पण गंगाधरकडे देऊ नकोस. बोटीवर कामाच्या धांदलीत पाणी घालायचं राहून जातं. तू स्वतः आण. सूनबाईला घेऊन ये, पोरीला घेऊन ये. काय बोलायचं, कसं बोलायचं, याची काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

ही रोज सकाळी भिंतीला धरत गॅलरीत जाते आणि पिंपात तांब्याभर पाणी ओतते. त्यात अजून काही लावलेलं नाही, हे मी तिला सांगत नाही.

लवकर ये.

बकुळेचा आजोबा,
भिवा