घरचं चूर्ण

घुग्घुस, ४ जून २०२४

प्रिय मीराबाईस,

धाकट्या लहानूचा सप्रेम जयभीम. वि. वि. हल्ली फोन केला की नानाजी भाऊजीच उचलतात आणि तुझ्यापर्यंत पोचू देत नाहीत, म्हणून पत्र.

नागपूरचा रिपोर्ट आला. महिनाभर अन्न जात नव्हतं, अंगात त्राण नव्हतं. मी समजलो, दुकानात ट्रकांचे रेडिएटर झाळून झाळून धूर बाधला. डॉक्टरीणबाईंनी सुईने मूत्रपिंडाचा तांदळाएवढा तुकडा काढला. रक्त गाळणाऱ्या जाळ्या ठीक आहेत म्हणाल्या. पुढच्या बारीक नळ्यांच्या मधल्या जागेत सूज आहे, ती नळ्यांना आवळते. एखाद्या औषधाचा अंश तिथे चिकटतो, शरीराचे राखणदार त्याला परका समजून धावतात आणि आपलंच घर फोडतात. ताप नाही, पुरळ नाही, सारं गुपचूप. सूज जुनी झाली की वण पडतात, ते मिटत नाहीत.

दुखण्याच्या गोळ्या किती खाता, असं त्यांनी फिरून फिरून विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. कंबर धरली की भाऊजींचं मुळ्यांचं चूर्ण घेतो, बहिणीने बांधून दिलेलं. त्या हसल्या नाहीत. चूर्ण बंद केलं आणि त्यात काय असतं ते विचारून या म्हणाल्या. गोळी असेल तर सुजेवरचं औषध लगेच सुरू करायचं, नसेल तर दुसरं कारण शोधत बसायचं. तर बाई, काय काय टाकता ते लिही. भाऊजींचा धंदा मी काही चोरत नाई. मले रेडिएटरच पुरून उरले.

जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझा लहानू

मुलचेरा, ११ जून

चि. लहानू यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. आपले पत्र पावले. सदर चूर्ण शंभर टक्के वनौषधींचे असून त्यापासून कोणताही अपाय संभवत नाही. हजारो रुग्णांनी लाभ घेतला आहे. मोठ्या दवाखान्यांचा असा प्रचार असतोच. आपण चूर्ण चालू ठेवावे व दुकानातील ड्रायव्हर मंडळींस याबाबत काही बोलू नये. इकडे सर्व कुशल. लोभ वाढत राहावा.

मीरा

घुग्घुस, १५ जून

बाई, जयभीम.

अक्षर तुझं, पण आवाज भाऊजींचा. ट्रकचा मालक काय लपवून राह्यला ते मी इंजिन ऐकून सांगतो, तर सख्ख्या बहिणीचं ऐकू येणार नाई? जन्मात तू मला 'आपण' म्हटलं नाहीस. 'सदर' कशाले म्हणतात विचारलं तर तू सदरा दाखवशील.

चौदा एप्रिलला तुमच्याकडे होतो, तेव्हा मागच्या खोलीतून गोळ्यांची पाकिटं फोडल्याची कटकट ऐकू येत होती, बराच वेळ. मी समजलो, भाऊजींना काही दुखणं असेल. एवढ्या गोळ्या एका माणसाच्या नसतात.

हे पत्र माझी लेक निशा तुझ्याच हाती देईल. हो की नाई, एवढंच लिही. पाठ मोडून राह्यली ते सोसतो, पण डॉक्टरीणबाई मलेच लबाड समजून राह्यल्या.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,

लहानू

मुलचेरा, १७ जून

लहानू, जयभीम.

हो. दुखण्याच्या गोळ्या असतात. मीच कुटते. त्यांचं रिकामं पाकीट निशाजवळ दिलं, डॉक्टरीणबाईले दाखव. मुळ्याही असतात, पण नुसत्या मुळ्यायनं कोणी दुसऱ्यांदा येत नाई, असं हे म्हणतात.

तुझी पहिली पुडी मी वेगळी बांधली होती, बिनगोळीची. तूच निरोप पाठवला की काही लागू पडलं नाई. यायनं मले वेड्यात काढलं. लहानूले आराम पडला तर तो घुग्घुसच्या साऱ्या ड्रायव्हरले सांगन, म्हणाले. पुढच्या पुडीत दुप्पट टाकली. मी पाहून राह्यली होती. तू फोनवर खुशीनं सांगितलं की आता पळून राह्यलो, तर मी काही बोलली नाई.

आता एक ऐक. घरचं नाव बाहेर काढू नको. माझ्या भाग्यश्रीचं लग्न जमून राह्यलं, सोयरे परतून जातील. मले काय बोलायचं ते बोल, पण माया तोडू नको.

तुझी मीरा

घुग्घुस, २ जुलै

बाई, जयभीम.

पाकीट पाहून डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. रक्तातले आकडे उतरताहेत. सुजलं ते ओसरेल म्हणतात. वण पडले तेवढा भाग गेला. उरलेल्यावर जपून चालवायचं.

भाऊजींनी दुप्पट टाकली, हे मी एकवेळ गिळलं असतं. पण तू पाहत होतीस आणि मी फोनवर तुझेच आभार मानत होतो, हे गिळता येत नाही. भाग्यश्रीच्या सोयऱ्यांकडे मी आपण होऊन जाणार नाही. त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

ड्रायव्हरांना मात्र एकेक ट्रक थांबवून सांगितलं, ते चूर्ण फेका, रक्त तपासून घ्या. बिरजूला तर पुडी मीच मागवून दिली होती, आता त्याचे पाय सुजलेत. कोणी मानेना. सोयऱ्या-सोयऱ्यायचं भांडण दिसते, असं म्हणून हसले. भाऊजींचं नाव घेतलं तरी हलले नाहीत. शेवटी तुझं घेतलं. माझी सख्खी बहीण त्यात गोळ्या कुटून टाकते, असं म्हटलं, तेव्हा बिरजूने खिशातली पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

तुझे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. ते चूर्ण तू तरी खाऊ नको.

लहानू