सगळे गुण शून्य

४ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची. खोली छोटी पण उजेडाची. टेबलाचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली कुणीतरी जुनं मासिक सरकवलंय. मानसोपचार केंद्रही लहानच आहे. बारा रुग्ण, मोठे डॉक्टर, एक परिचारिका आणि सगळ्यांचं सगळं बघणाऱ्या मावशी. आजपासून मी, मानसशास्त्रज्ञ. बॅग खाली ठेवायच्या आत मावशींनी माझं लग्न झालंय का आणि का नाही झालं, दोन्ही विचारून घेतलं. धाकट्या भावाला फोन केला. म्हणाला, ताई, आता तुला पगार घेऊन लोकांच्या मागे लागता येईल.

७ ऑक्टोबर
पहिली रुग्ण मिळाली. सगळे त्यांना शिंपीणबाई म्हणतात. दोन वर्षांपूर्वी दुकानात अचानक छाती धडधडली, आता मरणार असं वाटलं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या, पण तेव्हापासून एकट्या बाहेर पडलेल्या नाहीत. भीती चढते, पण पळ काढला नाही तर ती आपोआप उतरते, हे त्यांना सांगितलं. हे माझं मत नाही, हजारो माणसांवर तपासून पाहिलेलं आहे. दोघींनी मिळून दहा पायऱ्यांची शिडी कागदावर काढली. पहिली पायरी फाटकाशी पाच मिनिटं उभं राहणं, दहावी एकटीनं बाजारातून बटणं आणणं. बाई म्हणाल्या, बटणांना शिडी लागते तर कापडाला विमान लागेल. खूप हसलो. प्रश्नावलीत चाळीसपैकी एकतीस गुण. जितके जास्त गुण, तितका त्रास जास्त.

१६ ऑक्टोबर
चौथी पायरी! रस्ता ओलांडून वह्यांच्या दुकानापर्यंत गेल्या. थरथरत होत्या, घाम फुटला होता, पण वीस मिनिटं उभ्या राहिल्या आणि भीती उतरली. गुण बावीस. आनंदानं डॉक्टरांना सांगायला गेले तर ते म्हणाले, फार हळू चाललंय. त्यांच्या 'शांत खोली'त तीन बैठका झाल्या की गुण शून्य होतात म्हणे. तिथे नेमकं काय करता, त्याचा अभ्यास कुणी केलाय का, सहा महिन्यांनी रुग्ण कसे असतात, सगळं विचारलं. माणूस समोर बरा दिसत असताना कागद कशाला, असं म्हणून वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

१९ ऑक्टोबर
जुन्या फायली काढल्या. खोलीत बसलेल्या प्रत्येकाचे गुण शून्य. प्रत्येक प्रश्नाला शून्य. मी स्वतः प्रश्नावली भरून बघितली, माझे सात आले. चांगल्या धडधाकट माणसालाही एखादी वाईट झोप, एखादी काळजी असतेच की! डॉक्टरांना हे सांगितलं, तर म्हणे मला यशातही खोट दिसते. त्यांच्याकडे नातेवाइकांच्या पत्रांचा गठ्ठा आहे. सगळ्यांत एकच वाक्य फिरून फिरून येतं, 'आता कसली तक्रार करत नाही.' तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा फार वेगळं काही चाललेलं नाही माझं.

२३ ऑक्टोबर
तीन दिवस तापात पडून होते. तेवढ्यात डॉक्टरांनी शिंपीणबाईंना खोलीत बसवलं, तीनदा. नवऱ्यानं सही दिली. गुण शून्य. आज त्यांना बाहेर नेलं तर त्या न बघता थेट रस्त्यात उतरल्या. ट्रक करकचून ब्रेक लावून थांबला. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि बाईंची पापणीही लवली नाही. इतक्या दिवसांची मेहनत. भीती उतरायला हवी होती, उपटून काढायची नव्हती.
दुपारी त्यांची लेक भेटायला आली होती. माझ्याशी अगदी हळू बोलली, "काल इथे येताना मी स्कूटरवरून पडले, रक्तानं माखून आईसमोर आले. आईनं बघितलं आणि विचारलं, चहा घेणार का."

२५ ऑक्टोबर
भर दुपारी खोलीत शिरले. यंत्र नाही, तार नाही. एक खुर्ची आणि कोरी भिंत. दाराबाहेर उभी असताना आतून यंत्रासारखी घरघर येत होती, ती मी आत पाऊल टाकताच थांबली. कुणीतरी श्वास रोखावा तशी. भिंतीला हात लावला. कोमट होती. अंगासारखी.

२७ ऑक्टोबर
आरोग्य खात्याकडे तक्रार पाठवली. शिंपीणबाईंना बऱ्या झाल्या म्हणून घरी पाठवलंय, त्यांच्या नवऱ्याला भेटले. त्याचं एकच, घरात शांतता आहे, आता त्यात काड्या करू नका. डॉक्टरांनी माझे रुग्ण काढून घेतले. मला ताण आलाय, असं ते सगळ्यांना सांगतात. मावशींनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, आजच्या आज निघा. माझ्या बहिणीला मीच इथे आणलं होतं."
निघायला हवं होतं. फायलींच्या प्रती काढत बसले.

२९ ऑक्टोबर
भाऊ आला. डॉक्टरांनीच बोलावलं. मी भिंतींबद्दल बोलते असं सांगितलं — आणि मी खरंच भिंतीबद्दलच बोलले. पुरावे दाखवले. फायली, आकडे. त्यानं आकडे बघितलेच नाहीत, माझे हात बघितले. थरथरत होते. मला खोलीत बसवायच्या कागदावर रडत सही केली. म्हणाला, "तीनच बैठका, ताई. मग घरी जाऊ."

३० ऑक्टोबर
पहिली. घरघर भिंतीतून येते आणि मग छातीत — पिशवीत हात घालून चाचपावं तसं. आधी भीती उचलते. मग भीतीच्या शेजारी जे जे — भाचीचा पहिला वाढदिवस आठवतो. पण नुसता आठवतो.

३१ ऑक्टोबर
दुसरी. गुण दोन. मुद्दाम घाबरायचं ठरवलं. जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकले, अजून वाकले. छाती धडधडेना. मावशींनी मागे ओढलं. त्या रडत होत्या. राग यायला हवा. डॉक्टरांचा. कालपर्यंत होता —

१ नोव्हेंबर
तिसरी झाली. भाऊ भेटायला आला. माझ्याकडे बघत राहिला, मग गुडघ्यांवर बसून ताई, ताई म्हणत राहिला. त्याला काहीतरी हवं होतं. काय ते विचारावं असं वाटलं नाही, म्हणून मी म्हटलं, चहा घेणार का.