टँकरचं शास्त्रशुद्ध नियोजन

१० एप्रिल, बुधवार. घाटनांदूर.
सुट्टीवर येऊन आठवडा झाला. दक्षिण सुदानच्या निर्वासित छावणीत तीन वर्षं पाणीवाटपाचा ऑफिसर. शरीर इथं वस्तीत, मन तिकडं. वनितानं सकाळी परत तेच काढलं : जाणार का राहणार, एकदाचं सांगा. मी म्हणालो, तिथले लोक मला सोडायलाच तयार नाहीत, विचार करतोय. (काँट्रॅक्ट वाढल्याचा मेल अजून आलेला नाही. येईलच. इथलं नेटवर्क बेकार.)

आरोही सात वर्षांची झाली. अजून आईच्या मागं लपून बघते. छावणीतली पोरं अंगावर उड्या मारायची. संकल्प : रोज अर्धा तास फक्त लेकीसाठी. उद्यापासून.

१२ एप्रिल, शुक्रवार.
आरोहीचं राहून गेलं. पाण्याचा अभ्यास करत होतो. आपल्या वस्तीत सगळा आनंदीआनंद आहे! टँकर यायचा म्हटलं की लोक आदल्या दिवशीच नंबर लावतात, तेही वस्तू ठेवून. फुटकी बादली म्हणजे शेजारचे बंकटमामा. वीट म्हणजे सावित्रीबाई. एकच चप्पल म्हणजे माझा चुलतभाऊ सिदू. टँकर आला की ज्यानं त्यानं आपल्या जागेवर टिपाड आणून लावायचं. मला हे माहीत नाही असं नाही. लहानपणी आमची बिनकानाची कढई मीच ठेवायचो. पण याला काही शास्त्र? घरात म्हातारं कोण, पोटुशी कोण, हे विटेकडं बघून कसं कळणार?

उद्याचा टँकर महत्त्वाचा. परवा जयंती, अख्ख्या वस्तीचं जेवण शिजणार. आईला म्हणालो, उद्या पाणीवाटप माझ्याकडं. आई म्हणाली, बाबा, तू आपला निजून ऱ्हा. माझ्या तब्येतीची फार काळजी करते.

१३ एप्रिल, शनिवार. सकाळ.
सगळे विहारात पताका लावायला गेलेत. मैदान मोकळं. विटा, चपला, फुटक्या बादल्या, सगळा कचरा उचलून उकिरड्यावर टाकला. चुन्यानं पट्टे आखले : वृद्ध, गरोदर, लेकुरवाळ्या, इतर. काय देखणं दिसतंय! फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला. त्यांनाही कळू दे कुणाला ठेवायचं ते.

दुपार.
थोडा विरोध झाला. नव्या पद्धतीला होतोच.

टँकर दिसला तसे सगळे टिपाडं घेऊन पळत आले आणि जागीच थांबले. सिदू ओरडला, माझी चप्पल कुटं हाय? त्याचा नंबर दुसरा होता म्हणे. दुसरा नंबर असलेले आणखीही बरेच निघाले. सावित्रीबाईंना वृद्धांच्या पट्ट्यात बोलावलं तर म्हणाल्या, म्हातारी आसंल तुजी माय. बंकटमामांनी पाइप धरला, सिदूनं दुसरीकडून ओढला. मी शिट्टी वाजवली. छावणीत शिट्टी वाजली की माणसं खाली बसतात. इथं एकानं काठी उगारली. वनिता मधे पडली आणि काठी तिच्या मनगटावर बसली. पुढं व्हायला पाहिजे होतं, पण शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिलो.

मग दगड आला, टँकरची काच फुटली. ड्रायव्हर म्हाळू म्हणाला, मला न्हाई मरायचं हितं, आणि भरला टँकर घेऊन पसार झाला. वस्ती कोरडी. उद्या जयंती.

संध्याकाळ.
झाल्या प्रकाराचा आढावा घ्यायला मीटिंग बोलावली. कुणी आलं नाही. बंकटमामा तेवढे दारात येऊन म्हणाले, कशापायी आलास बे तू? आणि उत्तराची वाट न बघता गेले.

वनिता मनगटाला फडकं बांधून घरोघर फिरली. सिदूला आणि बंकटमामांना एकाच पिकअपमधे बसवलं, रिकामी टिपाडं भरली आणि माळावरच्या बोअरवाल्याकडं निघाली. मी येऊ का विचारलं. म्हणाली, नका येऊ, तुमाला बघून ते दोघं उतरून जातील.

१४ एप्रिल, रविवार.
जयंती झकास झाली म्हणतात. पाणी पुरलं. मी मुद्दामच घरी थांबलो, वातावरण निवळायला वेळ द्यावा लागतो. आईनं ताट झाकून आणलं. भात गार झाला होता.

१६ एप्रिल, मंगळवार.
मेल आला. काँट्रॅक्ट वाढणार नाही. माझ्या जागी तिथलाच माणूस नेमलाय. कारण म्हणून माझ्याच शेवटच्या रिपोर्टमधलं वाक्य दिलंय : स्थानिक लोकांना आपली कामं उत्तम कळतात. अरे, अशी वाक्यं रिपोर्ट भारदस्त दिसावा म्हणून असतात! फोटोबद्दल अवाक्षर नाही.

भीती वाटली. जिथं माझ्यावाचून अडतं अशी एकही जागा आठवेना. मग डोक्यात प्रकाश पडला. गरज इथंच आहे, बायकोला, लेकीला. हेच माझं खरं मिशन. नकार मीच कळवला असं सांगायचं.

१८ एप्रिल, गुरुवार.
सांगितलं, जेवताना. तिथल्यांचा जीव तुटतोय, पण मी तुमच्यासाठी राहतोय, असं म्हणालो. मला वाटलं वनिता रडेल. ती भाकरी वाढता वाढता थांबली. म्हणाली, माज्यासाठी नका ऱ्हाऊ. तुमी जावा, हेच कसं सांगावं म्हणून जीवाला घोर लागलाता. आमची घडी बसलीया आता तुमच्याबिगर. ती ओरडली नाही. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं.

आरोहीनं आजीला विचारलं, मग हे आता कवाच जाणार न्हाईत? आई म्हणाली, गप, बाप हाय तुजा. आरोहीनं मला नीट न्याहाळलं.

लई वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला म्हणून सांगितलं. तर आरोही उठली, तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, पुरवून प्या, टँकर आता सोमवारी हाय.

मी एकच घोट घेतला.